सांधेदुखीचा पाहुणा आणि कोल्हापूरचं ताट

कोल्हापूरला येणाऱ्या पाहुण्याला आम्ही दोन प्रश्न हमखास विचारतो. कधी येताय? आणि मटण खाता ना? सांधे दुखणाऱ्या पाहुण्याला मी तिसराही विचारते: दुखणं नेमकं कुठलं? आमच्या घरात आईला आमवात आहे आणि आबांना, म्हणजे सासऱ्यांना, यूरिक अ‍ॅसिडचा त्रास. दोघं एकाच टेबलावर जेवतात. बांगडा आला की आईच्या पानात दोन तुकडे जातात आणि आबांच्या पानात वाटीभर दही. त्यामुळे 'सांधेदुखीचं पथ्य' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी एकच लांबलचक यादी कुणी पुढे केली, की मी ती न वाचताच परत देते.

दुखणं नवीन आहे, पथ्य नुकतंच सुरू केलंय आणि पहिल्यांदाच बाहेरगावी जाऊन बाहेरचं खायचंय, अशांसाठी हे लिहिलंय. औषधं आणि त्यांचे डोस तुमच्या डॉक्टरांकडेच राहू द्या. इथे फक्त ताट, प्रवास आणि कोल्हापूर.

१. निघण्याआधी: आपला आजार कोणता ते विचारून घ्या

सांध्यांचे आजार शंभरावर प्रकारचे आहेत, पण आपल्याकडे घरोघरी दिसतात ते मुख्यतः तीन.

पहिला झिजेचा. गुडघे, कंबर, बोटांची पेरं. यात अमुक पदार्थ खाल्ला म्हणून दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला, असं सहसा होत नाही. इथे आहाराचा संबंध मुख्यतः वजनाशी. वजन एक किलो घटलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो. म्हणजे तुमचा शत्रू तेल, तळण आणि 'अजून एक भाकरी घ्या की' म्हणणारा यजमान.

दुसरा आमवात. यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सकाळी उठल्यावर तासभर बोटं वळत नाहीत, ही याची ओळखीची खूण. भाज्या, फळं, कडधान्यं, मासे, कमी तळण असा आहार यात मदत करतो, पण ती मदत औषधांच्या जोडीनं. नुसत्या आहारानं आमवात आटोक्यात ठेवायच्या नादात सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात.

तिसरा गाउट, म्हणजे रक्तात वाढलेल्या यूरिक अ‍ॅसिडचे स्फटिक सांध्यात साचणं. रात्री झोपेत पायाचा अंगठा असा पेटतो की पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. ताटातल्या पदार्थाचा आणि दुखण्याचा सर्वांत थेट संबंध याच आजारात आहे, म्हणून खाली गाउटबद्दल जास्त बोलणार आहे. अर्थात यातही मुख्य काम औषधाचंच. उपचार सुरू असलेल्यांचं रक्तातलं यूरिक अ‍ॅसिड साधारणपणे ६ च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली ठेवायचा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. आपला शेवटचा आकडा किती होता, हे माहीत नसेल तर निघण्याआधी तपासून घ्या. ६ च्या आत असलेल्या आणि ९ वर असलेल्या माणसानं एकाच पानावर बसून सारखं जेवू नये.

आंबट खाल्लं की सांधे धरतात, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. चिंच, दही, टोमॅटो, वांगं यांनी सगळ्यांचेच सांधे दुखतात असा भक्कम पुरावा नाही. पण तुम्हाला स्वतःला वांगं खाल्ल्यावर दर वेळी त्रास होत असेल तर वांगं सोडा, त्यानं काही बिघडत नाही. मात्र शेजारणीला त्रास होतो म्हणून तुम्ही दही सोडू नका.

२. पिशवीत काय, आणि वाटेत काय

गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. दोन दिवसांची सहल असेल तर चार दिवसांच्या. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी एक काम जरूर करावं: ही गोळी बहुतेकांना आठवड्यातून एकदाच असते आणि प्रवासात वारांचा घोळ होतो, म्हणून तो वार पाकिटावर ठळक लिहून ठेवा. चुकून रोज घेतली गेली तर ती विषासारखी बाधते. आमवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारं जैविक इंजेक्शन घेणाऱ्यांनी ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. थंड पिशवीत बर्फाला थेट टेकू देऊ नका, आणि हॉटेलवाल्याला फ्रिजमध्ये ठेवायला देताना 'वरच्या बर्फाच्या कप्प्यात नको' हे सांगाच. भला माणूस काळजीपोटी नेमकं तिथेच ठेवतो.

मुंबईहून महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रभर येता येतं, कोयनेनं दिवसा. पुण्याहून गाडीनं साधारण २३० किलोमीटर. आमवात असेल तर रात्रीची गाडी सोयीची वाटते, पण ती पहाटे-सकाळी पोचते, म्हणजे तुमचे सांधे सगळ्यांत ताठ असतात त्याच वेळी सामान घेऊन डब्यातून उतरायचं. आई अलीकडे दिवसाच प्रवास करते. रात्रीच यायचं असेल तर स्टेशन यायच्या तासभर आधी उठून हातपाय हलवायला लागा आणि पहिले दोन तास कुठलाही कार्यक्रम ठेवू नका. गाडीनं येणाऱ्यांनी दीड तासानं एकदा उतरून पाच मिनिटं चालावं. सातारा, कराड अशी थांबायची ठिकाणं वाटेत आहेतच.

आता पाण्याचं. वाटेतली स्वच्छतागृहं कशी असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि वयस्कर पुरुषही तेच करतात. यूरिक अ‍ॅसिडवाल्यांना प्रवासात गाउटचा झटका येतो त्यामागे मटणाइतकंच हे कोरडं राहणंही असतं. शिवाय पाणी कमी आणि वर दुखायची गोळी, ही जोडी मूत्रपिंडाला भारी पडते. पेट्रोल पंप, मोठे फूड मॉल कुठे आहेत ते आधी बघून ठेवा आणि पाणी पीत राहा. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या दुखण्यामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर अर्थातच डॉक्टर सांगतील तेवढंच.

घरून काय आणावं? मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे, एखादं फळ, दोन धपाटी किंवा दशम्या. दुखायची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नसते आणि वाटेत जेवण कधी मिळेल याचा भरवसा नसतो, त्यासाठी एवढं पुरतं.

३. सकाळची मिसळ

पोहे, उप्पीट, इडली, आप्पे हे कोल्हापुरात कुठेही मिळतं आणि तिन्ही आजारांत चालतं. पण मिसळ न खाता परत गेलात तर घरचे विचारतील, म्हणून मिसळीचंच बोलू.

मिसळीतली मटकी निरुपद्रवी आहे. गाउटवाल्यांना कडधान्यं, पालक, मटार यांची भीती घातली जाते, कारण त्यांतही प्युरिन असतं आणि प्युरिनचंच पुढे यूरिक अ‍ॅसिड होतं. मात्र वनस्पतींतल्या प्युरिनमुळे गाउट वाढताना दिसत नाही. वाढतो तो मांस, काही प्रकारची मासळी, दारू आणि गोड पेयं यांनी. तेव्हा मटकी निवांत खा.

अडचण कट आणि फरसाणाची. कटावर तेलाचा तवंग, फरसाणात तळण आणि मीठ. तिखटानं सांधा दुखत नाही, पण वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर पोटाचं अस्तर आधीच हळवं झालेलं असतं, त्यावर रिकाम्या पोटी कट म्हणजे दिवसाची वाट. म्हणून सांगायचं असं: "मामा, कट वेगळ्या वाटीत द्या, शेव-चिवडा कमी." कुणाला काही वावगं वाटत नाही. इथे मिसळीसोबत पावाऐवजी स्लाइस ब्रेड येतो. दोन स्लाइस पुरे, आणि सोबत दही मागून घ्या. मिसळीची दुकानं सकाळी जोरात असतात, रविवारी तर उभं राहूनच खावं लागतं. गुडघेवाल्यांनी आडवारी जावं.

४. मटणाचं ताट

इथे जरा थांबून वाचा. कोल्हापूरला येऊन पथ्य मोडतं ते इथेच, आणि बहुतेकांचं ते न कळत मोडतं.

ताटात येतं काय? सुकं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी किंवा चपाती, भात, कांदा-लिंबू, कधी दही-कांदा, कधी वाटीभर खिमा किंवा अंडं. यूरिक अ‍ॅसिडवाला शहाणा माणूस काय करतो, तर सुकं मटण मुलाच्या ताटात सरकवतो आणि म्हणतो, "मी आपला रस्सा-भाकरीच खातो." मग रस्सा पुन्हा, मग पुन्हा, कारण बहुतेक खानावळींत रस्सा मागाल तितका वाढतात. घरी जाऊन तो बायकोला सांगतो की मी मटणाला हातही लावला नाही. दोन दिवसांनी अंगठा लाल.

प्युरिन पाण्यात उतरतं. मांस शिजवलं की त्यातला बराच भाग त्या पाण्यात जातो. आणि कोल्हापूरचे दोन्ही रस्से होतात ते त्याच पाण्यावर, आम्ही ज्याला अळणी म्हणतो त्यावर. तांबड्यात त्याला चटणी, खोबरं, कांदा-लसणाचं वाटण मिळतं. पांढऱ्यात नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस. रंग पांढरा आहे, तिखट नाही, म्हणून आजारी माणसाला 'पांढराच प्या, सोसेल' असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. पोटाला तो सोसेलही. गाउटला नाही. उलट नीट शिजून पाणी काढलेले दोन तुकडे खाणं हे चार वाट्या रस्सा पिण्यापेक्षा परवडतं. जेवणाआधी 'सूप' म्हणून येणाऱ्या अळणीचंही तेच, आणि पाया सूप तर विचारूच नका. गुडघ्यात वंगण येतं म्हणून पाया पिणारे लोक मला माहीत आहेत. पाया प्यायल्यानं गुडघ्यात वंगण भरतं याला आधार नाही, आणि यूरिक अ‍ॅसिडवाल्याला त्यात तोटाच आहे.

गाउटवाल्यांसाठी माझा हिशेब असा. झटका चालू असेल किंवा नुकताच उतरला असेल, तर मांसाहारी ताट नकोच. यूरिक अ‍ॅसिड औषधानं आटोक्यात असेल आणि डॉक्टरांची ना नसेल, तर सुक्याचे दोन-तीन तुकडे, दोन्ही रश्श्यांची चवीपुरती एकेक वाटी, आणि वाढपी पुन्हा आला की वाटीवर हात आडवा. बाकी पोट भाकरी, दही-कांदा, भाजी यांनी भरायचं. कलेजी, गुर्दा, भेजा, वजडी, रक्ती-मुंडी हे सगळं पूर्ण बाद. कोल्हापूर-सांगलीकडे रक्ती-मुंडीचे शौकीन फार, तुम्हाला चाखायचा आग्रहही होईल. हसून नाही म्हणा. मटण नको म्हणून चिकन मागवणाऱ्यांनाही सूट नाही, चिकनमध्येही प्युरिन आहेच.

अंड्यात प्युरिन फार कमी. म्हणून आबा बाहेर जेवायला गेले की अंडा मसाला मागवतात. पण आधी विचारतात, "दादा, याचा रस्सा वेगळा करता का मटणाचाच ओतता?" पुष्कळ ठिकाणी अंड्यावर मटणाचाच तांबडा ओततात. चवीला झकास लागतो, पण मग अंडं मागवून उपयोग काय!

आमवातवाल्यांना हा प्युरिनचा हिशेब लागू नाही. आईला रस्सा चालतो. तिचा नियम एवढाच की मटण कधीतरी, मासे जास्त वेळा. घाट ओलांडला की कोकण, त्यामुळे कोल्हापुरात मासळी येते आणि माशांची ताटं देणारी हॉटेलंही आहेत. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांतलं ओमेगा-३ आमवाताची सूज थोडी कमी करायला हातभार लावतं. तळलेल्यापेक्षा कालवण किंवा तव्यावर थोड्या तेलातला मागा. हाच बांगडा आणि हीच तारली गाउटवाल्यांनी टाळायची. सोलकढी दोघांनाही चालते.

झिजेवाल्यांना प्रकार कुठलाही चालेल, प्रश्न किती खाल्लं याचा. पांढऱ्या रश्श्यात काजू-खोबरं असतं, सुक्यावर तेल तरंगतं, आणि भात शेवटी येतो, तोवर पोट भरलेलं असतं. भात नको म्हणून सुरुवातीलाच सांगा. दोघांत एक ताट आणि वर एक भाकरी असं चालतं का ते विचारा. काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी भिंतीवर पाटीच लावलेली असते.

स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू असतील तर मिठाकडे लक्ष द्या. अंगावर सूज आणि रक्तदाब, दोन्हींचा धोका वाढलेला असतो, आणि खर्डा, लोणचं, पापड, चटणी हे चौघं मिळून ताटाच्या डाव्या बाजूलाच दिवसभराचं मीठ पुरवतात. साखरही या गोळ्यांनी चढते.

राहिली दारू. बिअर ही गाउटची सगळ्यांत लाडकी मैत्रीण: तिच्यात प्युरिनही आहे आणि दारूमुळे यूरिक अ‍ॅसिड लघवीवाटे बाहेर पडणंही मंदावतं. इतर दारूही निर्दोष नाही. मेथोट्रेक्सेटवाल्यांनी यकृतासाठी दूर राहावं. मटण आणि बिअर ही जोडगोळी सुट्टीत अनेकांना सुटत नाही. ज्याला एक सोडायचं आहे त्यानं बिअर सोडावी.

बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटणाचे वार. तेव्हा खानावळींत रांग लागते आणि वाढपी घाईत असतो, वेगळं काही सांगितलेलं त्याच्या लक्षात राहत नाही. आपल्या अटी घेऊन जायचं असेल तर इतर दिवशी, साडेबाराच्या आसपास जा.

५. शाकाहारी असाल तर

सोपं आहे. ज्वारीची भाकरी, झुणका, पालेभाजी, अख्खा मसूर, दही, कच्चा कांदा. तिन्ही आजारांना चालेल असं जेवण यापेक्षा वेगळं शोधायची गरज नाही. फक्त 'तेल कमी' हे ऑर्डर देतानाच सांगा, झुणका आणि मसूर दोन्हींवर तेलाचा हात सैल असतो. गव्हाची चपाती सांधेदुखीसाठी सोडायची गरज नाही, गव्हाचाच वेगळा त्रास असेल तर गोष्ट निराळी. आणि हो, बाहेरगावी 'व्हेज कोल्हापुरी' म्हणून लालभडक जे येतं, ते इथल्या घरांत शोधू नका.

हळद सगळ्यांनाच विचारायची असते. स्वयंपाकातली हळद उत्तम, पण तेवढ्यानं सूज उतरेल अशी अपेक्षा नको. हळदीच्या कॅप्सूल घेत असाल आणि रक्त पातळ करायची गोळीही चालू असेल, तर दोन्हींचं डॉक्टरांना सांगा.

६. दूध कट्टा, गूळ, रस

गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी असते, धार काढतात आणि फेसाळ दूध ग्लासात. कोल्हापूरकराला याचं केवढं कौतुक! पैलवानांचं गाव, दुधावरच उभं राहिलेलं. पण मेथोट्रेक्सेट, स्टेरॉइड किंवा जैविक इंजेक्शनं घेणाऱ्यांनी हा ग्लास हातात धरून फोटो काढावा आणि सोबत्याला द्यावा. या औषधांनी प्रतिकारशक्ती दबलेली असते आणि न उकळलेल्या दुधातून जंतुसंसर्ग होऊ शकतो, ब्रुसेलोसिससारखा, जो गंमत म्हणजे सांध्यांतच दुखणं आणतो. चाटच्या गाडीवरचं पाणी, बर्फाचा गोळा, कधी चिरलीत ते माहीत नसलेली फळं यांनाही याच कारणासाठी नाही. उकळलेलं दूध, ताक, दही चालेल. गाउटवाल्यांना तर कमी फॅटचं दूध आणि ताक हितकारकच मानलं जातं. म्हशीच्या दुधात फॅट भरपूर, त्यामुळे झिजेवाल्यांनीही ताकाकडे वळावं.

कोल्हापुरी गूळ प्रसिद्ध आहे, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. दिवाळीनंतर गुऱ्हाळं लागली की पाहुण्यांना तिकडे नेतात, गरम काकवी देतात. गूळ औषधी, साखर वाईट, असं मानून यूरिक अ‍ॅसिडवाले लोक गुळाचा खडा तोंडात टाकत असतात. गुळातही मुख्यतः तीच साखर. तिचा निम्मा भाग फ्रुक्टोज, आणि फ्रुक्टोज शरीरात यूरिक अ‍ॅसिड वाढवतं. उसाचा रस तर या साखरेचा मोठा ग्लासच. तहान लागली की रसवंतीकडे वळायची सवय गाउटवाल्यांनी मोडावी, लिंबूपाणी मीठ-साखर बेतानं घालून प्यावं किंवा साधं ताक. रसाचा एक घोट चव म्हणून, एवढंच. बाटलीतल्या थंड पेयांचं वेगळं सांगत नाही.

नृसिंहवाडीला जाणार असाल तर तिथली बासुंदी आणि कवठाची बर्फी टाळणं कठीण आहे हे मान्य. एकाच दिवशी दोन्ही नकोत.

७. देवदर्शन आणि पन्हाळा

यात आहाराचा संबंध कुठे, असं वाटेल. आहे. अंबाबाईचं दर्शन झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही, असा नेम करून सकाळी रांगेत उभे राहणारे खूप. मंगळवारी, शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी रांग लांबते, नवरात्रात विचारायलाच नको. लांबलेल्या उपवासानं यूरिक अ‍ॅसिड वाढतं, रिकाम्या पोटी दुखायची गोळी घेता येत नाही आणि घेतली नाही तर उभं राहवत नाही. देवीला चहा-पोह्यांचा राग येत नाही, खाऊन जा. चप्पल बाहेर काढावी लागते आणि उन्हात फरशी तापते, म्हणून जाड मोजे जवळ ठेवा. तळव्यांचे सांधे धरलेल्यांना मोज्यांचा आधारही होतो.

जोतिबाला गाडी डोंगरावर जाते, पण पुढे देवळापर्यंत पायऱ्या आहेतच. पन्हाळा कोल्हापूर शहरापासून साधारण २० किलोमीटर. तिथे गडावर गाडी फिरते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांना जोतिबापेक्षा पन्हाळा सोपा. अंबरखाना खालून बघा, सज्जा कोठीचा जिना आणि अंधारबावेत उतरणं सोबत्यांवर सोपवा. गडावर झुणका-भाकर देणाऱ्या बायका असतात. गरम भाकरी, झुणका, दही, खर्डा टोकाला लावण्यापुरता. मात्र बसायला बऱ्याचदा चटई किंवा बुटका बाक असतो. गाडीतली घडीची खुर्ची इथे कामाला येते, आणि लाजू नका. शहरातही भारतीय बैठकीची हॉटेलं आहेत, दिसायला छान. मांडी घालून उठताना होणारी फजिती टाळायची तर फोन करून 'टेबल-खुर्ची आहे का, वर चढायचा जिना आहे का' हे दोन प्रश्न विचारा.

संध्याकाळी रंकाळा तलावाच्या काठानं सपाट चालता येतं. तेवढं चालून मग चौपाटीवर भेळ खायला हरकत नाही, चिंचेची चटणी घालूनसुद्धा.

कोल्हापुरी चप्पल घ्या जरूर, पण त्याच दिवशी ती घालून गाव फिरू नका. चामड्याचा टणक, सपाट तळ दुखऱ्या पावलांना काहीच उसंत देत नाही.

८. कुणाच्या घरी जेवायला गेलात तर

हॉटेलात नाही म्हणणं सोपं. यात्रा-म्हाईला, म्हणजे गावच्या जत्रेला, जेवायला बोलावलेला पाहुणा काय करणार? आमच्याकडे पाहुणा कमी जेवला तर वहिनींना वाटतं जेवण बिघडलं, आणि 'पथ्य आहे' या वाक्यावर उत्तर ठरलेलं असतं: "एक दिवसानं काय हुतंय!"

जेवायला बसल्यावर सांगू नका, आदल्या दिवशी फोन करून सांगा. आणि काय चालत नाही ते सांगण्याआधी काय करून ठेवायचं ते सांगा: "वहिनी, माझ्यासाठी भाकरी आणि पिठलं ठेवा, तुमच्या हातचं पिठलं खायचंय." करायला काहीतरी दिलं की घरच्या बाईला बरं वाटतं आणि आग्रहाची धार निम्मी होते. 'डॉक्टरांनी सांगितलंय' यापेक्षा 'मागच्या वेळी चार दिवस अंथरुणात होतो' हे लवकर पटतं. ताट एकदम भरून घेऊ नका, कारण इथे मोकळी वाटी दिसली की ती भरली जातेच. शेवटपर्यंत वाटीत थोडा रस्सा शिल्लक ठेवायचा, ही आबांची युक्ती.

आणि 'खाऊन घ्या, वर एक दुखायची गोळी टाका' हा सल्ला कुणाचाही ऐकू नका, अगदी गावच्या औषध दुकानदाराचाही. दुखायची गोळी यूरिक अ‍ॅसिड कमी करत नाही.

९. एवढं करून रात्री दुखलंच तर

गाउटचा झटका: पाय उशीवर उंच ठेवा, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावा, पाणी प्या, आणि झटक्यासाठी डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेलं औषध असेल तर ते त्यांनी सांगितल्या प्रमाणात घ्या. यूरिक अ‍ॅसिड कमी करायची रोजची गोळी चालू असेल तर झटका आला म्हणून स्वतःहून बंद करू नका. मालिश नको. हॉटेलवाला कुणीतरी 'नस बसवणारा' ओळखीचा आहे म्हणाला तरी नको. आमवाताचा ताठरपणा असेल तर कोमट पाण्यानं शेक किंवा सकाळची गरम पाण्याची आंघोळ बरी वाटते.

एकच सांधा अचानक लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप किंवा थंडी, असं असेल तर सकाळची वाट पाहू नका. सांध्यात जंतुसंसर्ग झाला असू शकतो, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना तर विशेषच, आणि त्यात काही तासांचा उशीरही सांध्याला महागात पडतो. काळी शौच, रक्ताची उलटी हे दुखायच्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव झाल्याचं लक्षण, तेव्हाही तसंच. १०८ वर फोन करा. दसरा चौकाजवळचं सरकारी सीपीआर रुग्णालय कुठल्याही रिक्षावाल्याला माहीत असतं. जाताना गोळ्यांची पाकिटं आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत न्या, आणि दिवसभरात काय खाल्लं, पाणी किती प्यालात, कुठली गोळी किती वाजता घेतली हे वाटेतच फोनमध्ये टिपून ठेवा. तपासणारा डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतो.